आप्पांच्या छातीची सोनोग्राफी

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातले एक आप्पा माझ्याकडे दाखल झाले. वय सत्तरीपुढचं. शेतीला वीज रात्रीची, म्हणून केळीला पाणी द्यायला रात्री दोनला उठून जायचे. थंडी वाजून ताप भरला, उजव्या कुशीत चमक निघू लागली, चार पावलं टाकली की दम लागायचा. मी मोबाइलला जोडलेला छोटा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा दांडा, काढला, त्यावर जेल घेतलं आणि म्हटलं, "आप्पा, सोनोग्राफी करतो." तेवढ्या धापेतही आप्पांनी विचारलं, "डाक्टर, माले काय दिन गयात का?"

सगळा वॉर्ड हसला. सुनेनं तोंडाला पदर लावला. हा विनोद लक्षात राहू द्या, त्याच्याकडे मला परत यायचंय.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण या यंत्राचा सगळा कारभार आवाजाचाच. टरबूज घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तेच. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरांनी १७६१ साली छातीवर बोटं वाजवून आतलं पाणी ओळखायची रीत लिहून ठेवली. ते खाणावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात दारू किती उरली हे वाजवून बघायचं, हे घरातच पाहिलेलं. सोनोग्राफीचा आवाज मात्र आपल्या कानांच्या पलीकडचा. माणसाला सेकंदाला फार तर २० हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. छातीसाठी मी वापरतो तो प्रोब २० लाख ते ५० लाखांवर चालतो.

गंमत अशी की हा आवाज हवेतून पुढे जात नाही, आणि फुप्फुस म्हणजे तर हवेची पिशवी. त्यामुळे फुप्फुसाला सोनोग्राफीचा उपयोग नाही, असंच डॉक्टर वर्षानुवर्षं धरून चालले होते. फ्रान्सच्या अतिदक्षता विभागातले डॉ. डॅनियल लिश्टेनश्टाइन यांनी हा समज मोडून काढला. दम लागलेल्या रुग्णाची छाती कशी बघायची, याची त्यांची पद्धत २००८ साली छापून आली. त्यांचं म्हणणं साधं होतं: फुप्फुस निरोगी असेल तर आतलं दिसणार नाही हे खरं, पण आजार झाला की हवेच्या जागी पाणी नाहीतर पू येतो, आणि मग आवाजाला वाट मिळते.

निरोगी छातीत दोन बरगड्यांच्या मध्ये एक पांढरी रेघ दिसते, ती श्वासाबरोबर मागेपुढे सरकते. तिच्याखाली तिच्याचसारख्या आडव्या रेघा, एकीखाली एक. फुप्फुस ओलं झालं की त्या पुसल्या जातात आणि वरच्या रेघेतून उभे पांढरे झोत थेट पडद्याच्या तळापर्यंत उतरतात, पहाटेच्या धुक्यात ट्रकचे दिवे दिसावेत तसे. एखाददुसरा झोत चालतो. एका ठिकाणी तीन किंवा जास्त दिसले की मी थांबून बघतो. आणि न्यूमोनिया घट्ट धरला की तो भाग चक्क काळजासारखा, म्हणजे लिव्हरसारखा, भरीव दिसतो. आप्पांच्या उजव्या पाठीत, अगदी खाली, तसा एक डाग होता.

तो एक्सरेतही दिसला असता, आणि दिसलाही. खरा फायदा पुढे झाला. एक्सरेसाठी माणसाला रोज खाली नेता येत नाही, किरणांचाही प्रश्न असतो. प्रोब रोज लावा, त्रास नाही. तिसऱ्या दिवशी डागाच्या कडा तुटल्या होत्या, सहाव्या दिवशी तिथं नुसते झोत उरले. औषध लागू पडतंय की बदलायचं, हे मला आप्पांच्या खाटेशेजारीच कळत होतं.

आता माझी एक चूक सांगतो. हे शिकलो त्या पहिल्याच वर्षी एका मावशींच्या दोन्ही फुप्फुसांत झोतच झोत दिसले आणि मी जंतुसंसर्ग म्हणून मोकळा झालो. त्यांच्या पायांना सूज होती, ती दुसऱ्या दिवशी नर्सनं दाखवली. फुप्फुसातलं पाणी हृदय कमजोर पडल्यामुळे साचलेलं होतं. जुन्या टीबीनं आक्रसलेल्या फुप्फुसातही असेच झोत दिसतात. खोलवरचा न्यूमोनिया पृष्ठभागाला टेकलेला नसेल तर तो दिसतच नाही. आणि जंतू कोणता हे पडदा सांगत नाही, त्यासाठी बेडका तपासावा लागतो.

आप्पांच्या मुलानं विचारलं, "साहेब, मोबाइललाच जोडतं ना, मग घरी नेता येईल का?" प्रश्न भाबडा नाही. मार्च २०२० मध्ये माद्रिदचे डॉ. येल तुंग चेन यांना कोरोना झाला. घरात कोंडून घेतलेल्या या डॉक्टरांनी रोज स्वतःच्याच छातीची सोनोग्राफी केली आणि लोकांपुढे मांडली. पुढे कॅनडात डॉक्टर नसलेल्या माणसांनाही व्हिडिओ कॉलवर "अजून थोडा खाली, आता तिरपा" असं सांगत त्यांच्याच हातून छाती बघून घेण्याचे प्रयोग झाले. म्हणजे हाताला ते जमतं.

आपल्याकडे अडतं ते दुसरीकडे. इथं मला आप्पांचा विनोद आठवतो. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटातलं बाळच का सुचतं? जे यंत्र छाती बघतं ते गर्भही बघतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानं केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. आणि २०१२ च्या नियमानं हातात मावणाऱ्या यंत्राला दोनच जागा ठेवल्या: नोंदणी झालेल्या दवाखान्यात दाखल रुग्णांसाठी, किंवा इतरही उपचार देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. माझ्याही प्रोबची नोंद आहे, तो दवाखान्याचा उंबरठा ओलांडत नाही. रात्री कुणाचा फोन आला की हा नियम मला जाचतो, खोटं कशाला बोलू. पण ८४२ हा आकडा आपणच उभा केलाय. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मात्र फिरत्या दवाखान्यात हे यंत्र असावं असं मला फार वाटतं, तिथून एक्सरे म्हणजे एक दिवसाची मजुरी. आणि पिशवीत मशीन घालून कुणी तुमच्या घरी आलाच, तर तो छाती बघायला आलेला नाही हे ओळखा.

मग घरी काय? मुलाला मी घड्याळ दाखवलं. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मोठ्या माणसाचे बसल्याजागी १२ ते २० असतात. २४ च्या वर गेले तर फोन, ३० झाले तर गाडी काढा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं बाळ ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर दवाखाना. दोन महिन्यांच्या आतल्याला ६०. बाळाचं पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, तर मोजतही बसू नका. ऑक्सिमीटर असेल तर बोट कोमट करून, नेलपॉलिश काढून लावा; आकडा ९४ च्या खाली गेला की कळवा.

आठवड्यानं आप्पा तपासणीला आले. सुनेनं नातवाच्या वहीत सगळं टिपून आणलं होतं, सकाळ-संध्याकाळ, श्वास आणि ऑक्सिजन. पहिल्या दिवशीचे २६, मग २४, मग २०. एके ठिकाणी ३१ खोडलेलं होतं आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: "मोजताना बोलत होते. झोपल्यावर परत मोजले. २२."