मोठ्या वयात इंग्रजी वाचायला शिकताना

मित्रहो, मोठ्या वयात इंग्रजी वाचायला शिकणारा माणूस बहुधा निरक्षर नसतो. आपल्या मातृभाषेत तो वर्तमानपत्र वाचतो, अर्ज लिहितो, वादही घालतो. इंग्रजी पानापुढे मात्र त्याचा आवाज खाली जातो. अशा माणसाला शिकवताना त्याची चूक सुधारण्याआधी ती का होते हे त्याला सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. लहान मूल ऐकून अनुकरण करते. प्रौढाला कारण कळले की त्याचा संकोच ओसरतो आणि तो स्वतःच कान देऊन ऐकू लागतो.

मराठीभाषक शिकणाराच घेऊ. देवनागरीत बहुतांशी जसे लिहिलेले असते तसे वाचता येते, त्यामुळे अक्षरावर विश्वास ठेवायची त्याला सवय असते. इंग्रजीत अक्षरे २६ आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी सुमारे ४४, त्यांपैकी २० स्वर. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे ‘टफ’मध्ये ‘अफ’ होतात, ‘थ्रू’मध्ये ‘ऊ’ आणि जरी या अर्थाच्या ‘दो’मध्ये ‘ओ’. हा घोळ शिकणाऱ्याच्या बुद्धीने घातलेला नाही, तो इतिहासाने घातला आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे शब्दांची लेखी रूपे हळूहळू स्थिरावली, पण त्याच काळात दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत होते. गुडघा या अर्थाच्या ‘नी’मधला के एके काळी खरोखर उच्चारला जाई, कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी तर लॅटिन मुळाची आठवण म्हणून मागाहून घातला गेला. एवढे ऐकले की आपण मठ्ठ आहोत ही शिकणाऱ्याची समजूत ढिली होते.

उच्चारांतही बऱ्याच चुकांचे मूळ मातृभाषेच्या सवयीत सापडते. मराठीतला ‘व’ इंग्रजीच्या व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधोमध पडतो, म्हणून दोन्हींसाठी तोच वापरला जातो. आरसा हाती द्यावा: एका ध्वनीत वरचे दात खालच्या ओठाला घासतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात लागतच नाहीत. ‘पिन’ म्हणताना इंग्रज माणूस आरंभी हवेचा झोत सोडतो, ‘स्पिन’ म्हणताना सोडत नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली की फरक डोळ्यांना दिसतो. आपण ‘पिन’ अल्पप्राण उच्चारतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते कधी कधी ‘बिन’ वाटते. महाप्राण मराठीत भरपूर आहेत, म्हणजे जीभ-ओठांना हे काम नवीन नाही; ते कुठे करायचे एवढेच सांगावे लागते.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो आघाताला. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्यावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो. जोर सरकला की मागे राहिलेले काही स्वर क्षीण होऊन आपल्या ‘अ’जवळ जातात, आणि दुसरा शब्द ‘फटॉग्रफर’ असा काहीसा ऐकू येतो. हा ‘अ’ मराठी माणूस जन्मभर उच्चारत आलेला असतो, पण कागदावर ओ दिसतो म्हणून तो ठासून ‘ओ’ म्हणतो. प्रत्येक अवयवाला सारखे वजन दिल्यामुळे, सुटे ध्वनी बरोबर असूनही, त्याचे वाक्य समोरच्याला कळत नाही. शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून घेण्याची सवय मी मोडत नाही, कारण तो त्याचा आधार आहे. फक्त आघाताच्या अवयवाखाली रेघ ओढायला लावतो, कारण आपल्या लिपीत त्याची खूण नाही.

आता वाचनाविषयी. अनोळखी उतारा पहिल्या फटक्यात मोठ्याने वाचायला लावणे मला क्रूरपणाचे वाटते. उच्चार सांभाळताना अर्थ निसटतो आणि मग दोन्हीकडून अपयशच पदरी पडते. आधी शिकवणाऱ्याने वाचावे, शिकणाऱ्याने ओळीवर बोट ठेवून ऐकावे, मग मनात वाचावे, आणि अर्थावर बोलून झाल्यावरच आवाज काढावा. तोच उतारा दोन-तीन दिवस पुन्हा घ्यावा. वाचन चालू असताना मध्येच टोकू नये. त्या दिवशी एकच ध्वनी निवडून वाक्य संपल्यावर त्याविषयी बोलावे, बाकीच्या चुका वहीत टिपून ठेवाव्यात.

उतारा कुठून आणायचा, असे मला नेहमी विचारले जाते. मुलांची पुस्तके प्रौढाला अपमानास्पद वाटू शकतात. त्यापेक्षा त्याने आपल्या दिवसाविषयी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाच वाक्ये सांगावीत, आपण ती स्वच्छ अक्षरात लिहावीत आणि तोच त्याचा पहिला धडा करावा. त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या तोंडून आलेला असतो, त्यामुळे अर्थ शोधण्याचे ओझे उरत नाही आणि सगळे लक्ष अक्षर व ध्वनी यांची सांगड घालण्याकडे देता येते.