शुभेच्छुक कोण टाकू?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, आधी जरा हात वर करा. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेत कोण कोण गेलंय? सगळेच. आणि आतल्या म्युझियममध्ये? चार. त्यातले दोघं माझे विद्यार्थी, म्हणजे सहलीत रांगेनं नेलेले. ते धरायचे नाहीत.

म्हणजे बघा, आबालाल रहिमान आत भिंतीवर आहेत आणि आपण बाहेर. आबालाल म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, शाहू महाराजांच्या पदरी असलेला चित्रकार. १९२२ साली महाराज गेले तेव्हा त्यानं दुःखानं आपली चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं जुने लोक सांगायचे. खरंखोटं कोटितीर्थाला ठाऊक. उरली त्यातली काही आपण कुलपात ठेवली आणि कुलूप बघायलाही जात नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्तीनंतर वेळच वेळ, म्हणून ठरवलं, माणसं चित्राकडं जात नाहीत तर चित्र माणसांकडं न्यायचं. आबालालांनी आपलं रंकाळा तळं कितीदा रंगवलंय. मग ते चित्र रंकाळ्याच्या काठावरच का नको? फोटो मिळवला आणि फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्या पोरानं फाइल उघडली, मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, "मास्तर, मजकूर?" म्हटलं, मजकूर नाही. "बरं, मग शुभेच्छुक कोण टाकू?" त्याचा दोष नाही हो. दिवसभर बिचारा भाऊ, दादा आणि साहेब छापतो. तरी खाली उजवीकडं गॉगल घातलेला एक चेहरा बसेल एवढी जागा त्यानं सवयीनं सोडलीच.

मग परवानगी. कचेरीचं नाव घेत नाही, मला अजून तिथं जायचंय. अर्जावर कारणाला तीनच पर्याय: जाहिरात, वाढदिवस, श्रद्धांजली. क्लार्कनं विचारलं, "चित्रकार हयात आहेत?" म्हटलं, १९३१ सालीच वारले. "मग सोपं झालं. श्रद्धांजली. दहा दिवस मिळतील." मारला शिक्का.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चित्राला झेंडूचा हार! खाली उदबत्ती. आता चित्रात माणूस नाही. नुसतं पाणी, झाडं आणि आभाळ. फिरायला आलेल्या एक बाई चपला काढून, हात जोडून विचारतात, "कोण गेलं हो?" त्या आठवड्यात पाण्याचा वास असा सुटला होता की मी म्हटलं, "रंकाळाच म्हणा."

हसा, पण पुढचं ऐका. एक म्हशीवाला रोज थांबायचा. गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देणाऱ्यांपैकी. एकदा चित्राकडं बघायचा, एकदा तळ्याकडं. पाचव्या दिवशी म्हणाला, "मास्तर, ह्यात प्यालेस कुठं हाय?" मी म्हटलं, राहिला असेल काढायचा. "असं कसं? झाडं काढल्यात, पल्याडचा बांध काढलाय, आन् एवढा मोठा प्यालेस ऱ्हाईल व्हय?" घरी येऊन पुस्तकं चाळली. रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचं बांधकाम १९३१ ते १९३४. म्हणजे आबालाल गेले त्या वर्षी पाया पडला. त्यांच्या रंकाळ्यात तो असणार कुठून? हे चित्र मी वर्षानुवर्षं वर्गात दाखवलंय, पण ही गोष्ट कधी ध्यानात आली नाही, कारण मी ते भिंतीवर बघत होतो. त्यानं खरा रंकाळा शेजारी ठेवून बघितलं.

अकराव्या दिवशी चित्र गायब. त्याच चौकटीत एका भाऊंचा वाढदिवस. बांबू माझे, सुतळी माझी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय!

भराभर सांगतो. हे माझं खूळ नाही. २००७ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीनं ४४ चित्रांच्या मूळ आकाराच्या प्रती, चौकटीसकट, सोहोच्या गल्ल्यांत भिंतींवर लावल्या. डेट्रॉइटच्या संग्रहालयानं २०१० पासून तेच केलं, नि आसपासच्या लहान गावांतही नेलं. "नक्कल बघितल्यावर अस्सल बघायला कोण येईल?" असं एक विद्वान मला म्हणाले. लतादीदींची रेकॉर्ड घरात होती म्हणून कार्यक्रमाला कोण गेलं नाही? नकलेखाली फक्त लिहायचं: अस्सल टाऊन हॉलात, चालत इतकी मिनिटं.

हक्काचा प्रश्न नाही. आपल्याकडं कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो. आबालाल १९३१ साली गेले, आपले चित्रकार नि सिनेमावाले बाबूराव पेंटर १९५४ साली. फ्लेक्स मात्र नको, उन्हात विटतो. पत्र्यावर ऑइल पेंटनं करून घ्यायचं, फ्लेक्सनं ज्यांचं पोट मारलं त्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांकडून. त्यांतले काही अजून आहेत. दिवाळीनंतर लावायचं, पावसाआधी काढायचं. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला तो छोटासा ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, त्याचा पुरुषभर फोटो पंचगंगेच्या घाटावर. २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर लावा म्हणजे झालं. समुद्राचा देव असला तरी त्याला पोहायला लावू नका.

दुसरी चिठ्ठी आली, बसतो. नवा अर्ज भरलाय, सह्या हव्यात, दाराशी कागद ठेवलाय. श्रद्धांजलीला दहाच दिवस मिळतात, म्हणून यंदा 'वाढदिवस' लिहिलंय. बाबूराव पेंटरांचा, ३ जून. पावसाच्या तोंडावर येतो, आत्ताच म्हटलं त्याच्या उलट आहे, पण नाइलाज आहे. माणूस जन्मला त्या दिवशी. आणि शुभेच्छुक म्हणून तुम्हा सगळ्यांची नावं टाकतोय.