कडेवर कोरलेलं नाव

[पडदा काळा. पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मग अगदी जवळून: एका म्हाताऱ्या तळव्यावर काळपट तांबूस चकती.]

आमच्या घरी ह्याला बिल्ला म्हणतात. पदक नाही, मेडल नाही, बिल्ला. खेड तालुक्यातलं घर. माजघरात कोनाडा, कोनाड्यात पत्र्याचा डबा. डब्यात घरपट्टीच्या पावत्या, कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला, एका काडीचा चष्मा, आणि तळाशी हा.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की पणजोबा तोफखान्यात होते. बसऱ्याला तोफ डागायचे. गणपतीला सगळं घर जमलं की कुणीतरी हा विषय काढायचंच, आणि दरवर्षी तोफ थोडी मोठी व्हायची.

गेल्या पावसाळ्यात मी बिल्ला पहिल्यांदा आडवा धरला.

[दृश्य: मोबाइलचा उजेड चकतीच्या कडेवर तिरपा पडतो. एकेक इंग्रजी अक्षर उमटत जातं.]

उजेड समोरून टाकलात तर काहीच दिसत नाही. तिरपा टाकायचा. मग अक्षरांच्या खाचांत सावली साचते. तरीही नाही जमलं तर पातळ कागद कडेवर ताणून धरायचा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. कागदावर आधी क्रमांक आला. मग एक शब्द, मग पणजोबांचं नाव, शेवटी पलटणीचा आकडा: ११४ आणि पुढे महरट्टाज.

मधला शब्द होता ‘कुक’.

आजीला वाचून दाखवलं. आजी त्यांची धाकटी सून. ती आधी गप्प राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, “तरीच! मामंजी पन्नास पानांचा भात नुसत्या अंदाजाने ठेवायचे. कधी कमी नाही, कधी उरला नाही.”

तोफ गेली. भात आला. मला विचाराल तर घरातली सगळ्यात पक्की लष्करी माहिती आजवर त्या भातातच होती.

[दृश्य: चकती उलटते. घोड्यावरचा माणूस, खाली कवटी आणि हाडं.]

आता ही वस्तू नेमकी काय ते सांगतो. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, डावीकडे बघणारं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, टापांखाली गरुडाची ढाल, आणि १९१४ व १९१८ ही सालं. रुंदी ३६ मिलिमीटर. फीत मधे रुंद नारिंगी, मग दोन्ही बाजूंना पांढरी, काळी आणि अगदी कडेला निळी पट्टी. आमची फीत मात्र उरलेली नाही. कोकणात चार पावसाळ्यांत बुरशी रेशीम खाते. इथे तर शंभर होऊन गेले.

लढणाऱ्या शिपायाला हे मेडल चांदीचं मिळायचं. त्याच पलटणीबरोबर गेलेले आचारी, भिस्ती, ओझेवाले अशा ‘फॉलोअर’ म्हणून नोंदलेल्या माणसांना तेच चित्र, तोच राजा, पण धातू ब्राँझ. बसऱ्याचं ऊन दोघांना सारखंच लागलं, हे साचा पाडणाऱ्याला कळवायचं बहुतेक राहून गेलं.

पण गंमत पुढे आहे. पणजोबांचे सख्खे भाऊ शिपाई होते. त्यांचं मेडल चांदीचं. ते कुठे आहे विचारलं तर आजी सहज म्हणाली, “ते मोडलं. त्यातून आत्याबाईंची जोडवी केली.” आणि मग, डब्याकडे हात करून: “हे चांदीचं नाही ना, म्हणून राहिलं.”

मेडलमध्ये चांदी एक औंस, म्हणजे साधारण पावणेतीन तोळे. लग्नाच्या घरात एवढी चांदी नुसती डब्यात कशी राहील? सोनाराने कड वाचली नाही, वाचायचं त्याला कारणही नव्हतं. पुढे १९७९-८० मध्ये चांदीचा भाव जगभर भडकला तेव्हा विलायतेतही अशी मेडलं ढिगाने वितळली. एकट्या कोकणाला दोष द्यायला नको. पण त्यामुळे जुन्या घरांतून चांदीचं गेलं आणि ब्राँझचं टिकलं, असं मला तरी दिसतं.

[दृश्य: देव्हाऱ्याजवळ बसलेली आजी. तिच्या नथीतला मोती, जवळून.]

बसरा. हा शब्द कोकणात दोन ठिकाणी ऐकू येतो, नथीत आणि पलटणीत. बसऱ्याचे मोती बायकांना ठाऊक होते. बसऱ्याची लढाई मागाहून आली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी पहिल्यापासून होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ ह्या तिन्ही मराठा पलटणी होत्या आणि तिन्ही कुत अल-अमारा गावात वेढ्यात अडकल्या. वेढा पडला डिसेंबर १९१५ मध्ये. अन्न संपत गेलं, घोडे-खेचरं कापून खाल्ली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे तुर्कांच्या कैदेत वाळवंटातली पायपीट. ११७ व्या पलटणीला नंतर ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. माझ्या पणजोबांची ११४ वी त्याच मुलखात होती, १९१८ च्या ऑक्टोबरात शरकतला लढली.

त्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं. १९९७ मध्ये ते तिथून हलवून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेलं. त्या दगडावर अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे संख्या. इतके मेले. नावं वह्यांत.

म्हणून ही कड. पलटणीतल्या साध्या माणसाचं नाव, सरकारी खर्चाने, धातूत कोरलेलं जर कुठे असेल तर मेडलच्या कडेवर. आणि आम्ही काय करतो? दिवाळीला तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर तेही आमसुलाने घासतो.

[दृश्य: परातीत चिंच, आमसूल, राख. हात थांबतो.]

हे मात्र जरा जोरात सांगतो: घासू नका. आमसूल, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही नको. खारी हवा आधीच तिचं काम करत असते. चांदी काळी पडते, पितळेला हिरवा गंज चढतो. तो काळेपणा धातूचा वरचा थर आहे, त्याने नाव जात नाही. घासण्याने जातं. राजाचं नाक आधी झिजतं, मग कडेची अक्षरं. कोरडं सुती फडकं, बिनआम्लाचा कागद, झाकण घट्ट बसेल असा डबा, एवढं पुरे. प्लॅस्टिकची पिशवी आत घाम धरते.

[दृश्य: मुंबई, चोर बाजार. फडक्यावर मांडलेली बटणं, बिल्ले, किल्ल्या, कुलपं.]

दुसरी शाळा इथे. संग्राहक लोक पहाटे बॅटऱ्या घेऊन येतात. घरच्यांनी विकलेली मेडलं हे विकत घेतात म्हणून त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ. मी ठेवत नाही. निदान ते कड वाचतात.

टोपीवरचा बिल्ला ओळखायचा तर त्यांच्या डोळ्यांनी. आधी उलटा करायचा. ठोकून केलेल्या अस्सल बिल्ल्याच्या पाठीवर पुढचं चित्र खळग्यासारखं उलटं दिसतं. ओतीव नकलेची पाठ सपाट, ओबडधोबड, आणि बारीक भोकं पडलेली. पुढची अक्षरंही साबणासारखी गुळगुळीत.

मग वरचं टोक बघायचं. मुकुट असेल तर इंग्रजी अंमल, अशोकाचे सिंह असतील तर आपलं प्रजासत्ताक. मधे बिगुल दिसला तर लाइट इन्फन्ट्री, म्हणजे हलकं पायदळ. मराठा पलटणींचा बिगुल असा ओळखू येतो. १९२२ मध्ये ह्या सगळ्या पलटणी मिळून पाचवी महरट्टा लाइट इन्फन्ट्री झाली. जुन्या इंग्रजी लिखाणात ‘महरट्टा’, त्यात ‘एच’ ‘आर’च्या आधी आणि पुढे दोन ‘टी’. आज बेळगावला केंद्र असलेल्या रेजिमेंटच्या नावात साधं ‘मराठा’, त्यात एकच ‘टी’ आणि ‘एच’ त्याच्या मागे. एका ‘एच’च्या जागेवरून वस्तू कुठल्या काळातली ते सांगता येतं.

[दृश्य: दापोली. सुरूची झाडं, जुन्या कॅम्पातला रस्ता.]

दापोलीला अजून कॅम्प दापोली म्हणतात. पेन्शनीत निघालेले फौजी इथे वस्तीला असायचे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. १८९० नंतर महारांची भरती बंद झाली आणि वलंगकरांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज लिहिला. ज्यांच्या घरी आधीच्या लढायांची मेडलं होती त्यांच्याच मुलांना पलटणीचं दार बंद. १९१७ मध्ये महायुद्धाची गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, लढाई संपल्यावर मोडली. मग १९४१ मध्ये महार रेजिमेंट. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्या जागी खंजीर आणि फुलीसारख्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. त्यामुळे स्तंभाचा बिल्ला हाताला लागला तर तो जपून ठेवा. तो थोडीच वर्षं चालला.

[दृश्य: माणगाव. यशवंत घाडगे यांचा पुतळा, मागून हायवेची वर्दळ.]

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं, वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सर्वांत मोठं पदक. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. मुंबई-गोव्याच्या वाटेवर आपण माणगावात चहाला थांबतो. पुढच्या वेळी चहा झाल्यावर चार पावलं चाला.

दुसऱ्या महायुद्धाची मेडलं घरोघर जास्त सापडतात, कारण त्यांत मोडण्याजोगी चांदी नाही. सहा टोकांचे तारे, मधे राजाच्या नावाची अक्षरं. फितीच्या रंगात मुलूख असतो: आफ्रिकेच्या ताऱ्याची फीत वाळूच्या रंगाची, इटलीच्या ताऱ्याला इटलीच्या झेंड्याचे लाल, पांढरा, हिरवा. दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर वॉर मेडल. हिंदुस्थानचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल. इंग्रज शिपायाला हे सगळं बिननावाचं मिळालं, पण हिंदी शिपायांच्या मेडलांवर बऱ्याचदा नाव सापडतं. ताऱ्याचं नाव पाठीवर बघायचं.

एक मेडल मला फार आवडतं. १९४७ चं, स्वातंत्र्याचं. फीत केशरी, पांढरी, हिरवी. एका बाजूला अशोकाचे सिंह. दुसऱ्या बाजूला चक्र, आणि चक्राच्या डोक्यावर मुकुट! घर बदलताना नव्या दारावर जुन्या मालकाची पाटी राहते, तसं.

[दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळ. होड्या, जाळी.]

खलाशांची गोष्ट वेगळी. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं आरमारात आणि व्यापारी जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या गेली. जहाज बुडालं की बिल्लाही बुडाला. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची थडगी आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदी बघाव्यात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. फक्त स्पेलिंगवर विसंबू नका. गावाचं नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. तीन-चार तऱ्हांनी शोधायचं, मोठ्याने म्हणून बघायचं.

[दृश्य: आजी, डबा, पेन. बाहेर पाऊस ओसरलेला.]

बिल्ला परत ठेवताना मी एक चिठ्ठी लिहायला घेतली. हा कुणाचा, कुठल्या पलटणीतला, कड कशी वाचावी. पुढच्या कुणाला तोफ दिसू नये म्हणून. ‘कुक’ लिहिलं तर आजीने थांबवलं.

“आचारी लिही.”

लिहिलं.

“बसरा लिहिलंस?”

लिहिलं होतं.

आजीने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, मग माझ्याकडे सरकवली. “खाली भाताचंही लिही.”