पाहुणा गेल्यावर येणारा ताप

[दृश्य: पहाटेचं मध्यवर्ती बसस्थानक. पुण्याहून आलेली एसटी फलाटाला लागते.]

पुणे ते कोल्हापूर, साधारण २३० किलोमीटर. एसटीनं पाच-सहा तास. डेंग्यूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत मात्र चार ते दहा दिवस जातात. या गाडीतून उतरणाऱ्या एखाद्याच्या अंगात विषाणू असला, तरी त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

डेंग्यूचा एडिस डास फार लांब उडत नाही. जिथं जन्मला तिथून शे-दोनशे मीटर, त्यापुढे क्वचितच. एका शहरातून दुसऱ्या शहरात विषाणू पोचवतो तो माणूस. डास गल्लीतल्या गल्लीत पसरवतो.

आता दिवस मोजू. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत पाहुण्याचं रक्त प्यायलेल्या डासाला लागण होऊ शकते. डासाच्या मादीच्या पोटातला विषाणू तिच्या लाळेत उतरायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. मग ती शेजारच्या घरात कुणाला चावली, की पुढं आणखी चार ते दहा दिवस. गल्लीतला पहिला रुग्ण तापानं फणफणतो तोवर दोन-तीन आठवडे उलटलेले असतात आणि पाहुणा आपल्या गावी परतलेलाही असतो. म्हणून रुग्णाला ‘तुम्ही कुठं गेला होता?’ एवढंच विचारून भागत नाही. घरी कोण आलं होतं आणि कोणत्या तारखेला, हेही विचारावं लागतं. केसपेपरवर त्याला एक ओळ पुरते, पण ती ओळ बहुतेक वेळा कोरीच राहते.

[दृश्य: कोल्हापूरचं रेल्वे स्थानक, जुनी छायाचित्रं.]

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. पाच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला आणि पुढे देशभर पसरला. माणसांबरोबर धान्याची पोती फिरली, पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा. तेव्हा लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. प्लेगचे उंदीर घरात मागं राहत, म्हणून तो उपाय लागू पडे. पण गोवर माणसाकडून माणसाकडे हवेतून जातो. तिथं खेटून घातलेल्या झोपड्या म्हणजे त्याला आयतं रानच.

[दृश्य: कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. उसाच्या फडाजवळ कोप्यांची, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांची रांग, बाहेर निळं पिंप.]

गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत इथंच राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे टोळीच्या हिशेबात एक ‘कोयता’. लहान मुलं बरोबरच असतात.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नेमका तो महिना हंगामात आला, की मुलाचं नाव गावाकडच्या यादीत राहतं आणि मूल इथं. इथल्या यादीत नाव नाही, म्हणून इथं कुणी बोलावत नाही. गोवराचं मूल अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून लागण पसरवतं. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. पुरळ दिसल्यावर धावपळ करणं म्हणजे चार दिवस उशिरा पोचणं.

त्यामुळं टोळी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करावी. कार्ड हरवलं असेल तर लस झालीच नाही असं धरून वयाप्रमाणे द्यावी. एखादा डोस जास्त झाला तर अपाय नाही. सत्र आरोग्य केंद्रात सकाळी अकराला ठेवलं, तर कुणी येणार नाही, कारण तेव्हा आई फडात असते आणि काम सोडलं तर खाडा पडतो. लसच संध्याकाळी कोपीवर गेली पाहिजे. आणि टोळी फड बदलते, म्हणून यादीत मुकादमाचा फोन नंबर हवाच.

क्षयरोगाचा पेच वेगळा. नेहमीचा औषधोपचार सहा महिन्यांचा, हंगामही जवळपास तेवढाच. गावाकडून आणलेल्या गोळ्या संपल्या आणि पुढची सोय झाली नाही, की उपचार तुटतो. जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर रुग्णाची नोंद इकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते. त्यासाठी निघण्यापूर्वी निक्षय क्रमांक मोबाइलमध्ये लिहून घ्यावा.

[दृश्य: पिंपातून तांब्यानं पाणी घेणारी मुलगी.]

‘मजूर रोग घेऊन येतात’ असं सर्रास बोललं जातं. ते अन्यायाचं आहे. कितीतरी वेळा रोग त्यांना इथं लागतो, या पिंपातल्या पाण्यातून. हजार लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपाला अर्धा ग्रॅम. पावडर थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी पिंपात ओतायचं. अर्ध्या तासानं क्लोरीन तपासायचा. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम उरला पाहिजे. पाणी गढूळ असेल, किंवा पोतं उघडं राहून पावडर सर्दावली असेल, तर एवढं माप पुरत नाही. पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायचं, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडीही महिनोन्महिने टिकतात.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या परतीला लागतात. त्याच दिवशी इथली यादी त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळवायची असते: कोणत्या मुलाला कोणता डोस दिला, कुणाच्या गोळ्या किती उरल्या, कुणाला शेवटचा ताप कधी आला, आणि गाडी किती तारखेला निघाली.