पहाटे साडेचारच्या सिंफनी

[दृश्य: सेंट आइव्ह्ज बंदर. ओहोटी.]

कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्ज. ओहोटी लागली की इथल्या होड्या वाळूवर कलंडतात. १९१३ साली याच गावात संगीतकार जॉर्ज लॉइड जन्मले. घरात चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताच्या बैठका व्हायच्या, वडिलांना ऑपेराचं, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या पाश्चात्त्य नाटकाचं वेड. एकोणिसाव्या वर्षी जॉर्जनं पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना लिहिली. पंचविशीपर्यंत तीन सिंफनी झाल्या होत्या आणि दुसरा ऑपेरा थेट लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या नामांकित ऑपेरागृहात उभा राहिला होता.

[दृश्य: युद्धनौकेचं जुनं कृष्णधवल चित्रण. बर्फाळ समुद्र.]

मग युद्ध आलं. लॉइड रॉयल मरीन्सच्या बँडमध्ये भरती झाले आणि एचएमएस ट्रिनिडाड या ब्रिटिश युद्धनौकेवर गेले. या जहाजासाठी त्यांनी एक मार्च, म्हणजे कूच करताना वाजणारी धूनही रचली होती. पण लढाईला तोंड फुटलं की बँडवाल्यांना वाद्यं बाजूला ठेवावी लागत. त्यांची जागा मग जहाजाच्या पोटात, तोफांच्या नेमाची गणितं होत त्या बंद खोलीत.

२९ मार्च १९४२. रशियाकडे निघालेल्या मालवाहू ताफ्याला ट्रिनिडाडची सोबत होती. जर्मन विनाशिका समोर आल्या. ट्रिनिडाडनं टॉर्पेडो सोडला. आर्क्टिकच्या थंडीत त्याची यंत्रणा बिघडली, तो गोल वळला आणि परत येऊन ट्रिनिडाडवरच आदळला. इंधनाची टाकी फुटली. दाट काळं तेल खालच्या खोलीत भरू लागलं. शिडीवरून जिवंत बाहेर आलेले शेवटचे लॉइड. खाली राहिले ते त्यांच्या शेजारी बसून वाजवणारे सोबती.

[दृश्य: समुद्र. आठ सेकंद. निवेदन नाही.]

[दृश्य: न्यूशातेल सरोवर, स्वित्झर्लंड.]

लॉइड यांचे हात थरथरत. इस्पितळातल्या डॉक्टरांना फारशी आशा नव्हती. बायको नॅन्सी हिनं त्यांना तिथून बाहेर काढलं, स्वतः सांभाळलं आणि आपल्या देशात, स्वित्झर्लंडला नेलं. तिथे १९४६ मध्ये चौथी सिंफनी पूर्ण झाली. तासाभराहून लांब, भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी. अंधार, वादळं, अनोळखी रंग आणि दूरवरची शांतता: ज्या जगाबद्दल ती आहे, त्याचं वर्णन लॉइड यांनीच स्वरलिपीवर लिहून ठेवलं आहे.

ही सिंफनी पहिल्यांदा वाजली १९८१ मध्ये, इंग्लंडमधल्या चेल्टनमला. मध्ये ३५ वर्षं गेली.

[दृश्य: डॉर्सेटची हिरवी टेकाडं. मग मशरूमची शेड, आतला अंधार, ओल्या मातीतून वर आलेली पांढरी टोपणं.]

या ३५ वर्षांतली बरीचशी कुठे गेली, ते इथे दिसतं. शेड आजची आहे, लॉइड यांची नव्हे. पण काम हेच. १९५२ मध्ये नवराबायको दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटला आले. आधी कार्नेशनची फुलं लावली, मग मशरूम. त्या काळी यासाठी घोड्याची लीद आणि पेंढा कुजवून खत करत. ते पुनःपुन्हा उलटायचं, त्याचा ताव उतरू द्यायचा, वाफ्यात भरायचं, बी मिसळायचं, वर मातीचा थर द्यायचा. अंधार आणि ओल सांभाळायची. आणि टोपणं एकदा वर आली की थांबत नाहीत. सकाळी खुडलेला माल त्याच दिवशी बाजारात जायला हवा.

लॉइड पहाटे साडेचारला उठत. तीन तास संगीत लिहीत. मग शेडमध्ये. जवळजवळ वीस वर्षं.

[दृश्य: स्वरलिपीची पानं, जवळून.]

सहावी, सातवी, आठवी, नववी सिंफनी याच वर्षांत लिहिली गेली. वाजवणारं कोणी नव्हतं. स्वरलिप्या पाठवल्या की परत येत. युद्धानंतरच्या युरोपात नव्या संगीताची दिशा बदलली होती. टोनल संगीतात एक घरचा सूर असतो. चाल कितीही दूर गेली तरी कान त्या सुराकडे ओढ घेतो, जशी आपल्याकडे तान षड्जाकडे परतते. हा घरचा सूर नाकारणं म्हणजेच आधुनिकता, असं मानणाऱ्यांची तेव्हा चलती होती. लॉइड यांनी तो सूर सोडला नाही. चाल गुणगुणता यावी, हे त्यांना कमीपणाचं वाटत नव्हतं. त्यात कमीपणा आहेच कुठे?

[दृश्य: एलपी कव्हरातून बाहेर येते. सुई टेकते.]

पियानोवादक जॉन ऑग्डन यांनी आठव्या सिंफनीची स्वरलिपी बीबीसीपर्यंत पोहोचवली. १९६९ मध्ये ती स्वीकारली गेली, प्रसारित झाली १९७७ मध्ये. वाद्यवृंदासमोर एडवर्ड डाउन्स उभे होते. मग लिरिटा या छोट्या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीनं डाउन्स आणि फिलहार्मोनिया वाद्यवृंदाकडून चौथी, पाचवी आणि आठवी ध्वनिमुद्रित करून घेतली. तुम्ही ऐकताय ती त्यातलीच एक.

[दृश्य: ट्रॉय, न्यूयॉर्क राज्य. बँकेची दगडी इमारत. कॅमेरा जिन्यानं वर.]

बांधली तेव्हा खाली बँक, वर सभागृह. १८७५ ची ही इमारत तिथल्या नादासाठी जगभर नावाजलेली आहे. शेजारच्या अल्बनी शहराच्या वाद्यवृंदानं, अल्बनी सिंफनी ऑर्केस्ट्रानं, लॉइड यांच्याकडून अकरावी सिंफनी मागून घेतली, आणि १९८६ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या संगीतकारानं स्वतः तिचं संचालन केलं. या वाद्यवृंदाशी जोडलेले पीटर कर्मानी यांनी पुढच्याच वर्षी अल्बनी रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. लॉइड यांचं संगीत लोकांपर्यंत पोहोचावं, हे त्यामागचं एक मोठं कारण. या कंपनीच्या सीडींच्या क्रमांकाआधी आजही ‘ट्रॉय’ लिहिलेलं असतं. बाकीच्या बऱ्याच सिंफनी लॉइड यांनी बीबीसी फिलहार्मोनिकबरोबर केल्या.

बाराही सिंफनींची ध्वनिमुद्रणं झाली. १९९८ मध्ये लंडनला लॉइड गेले. मैफलींत या सिंफनी आजही क्वचितच वाजतात. त्या ऐकायच्या तर याच तबकड्यांवर.

[दृश्य: पुन्हा सेंट आइव्ह्ज. भरती. होड्या पाण्यावर तरंगताहेत.]

चौथीचा शेवटचा भाग. लॉइड सांगत: दफन उरकलं की बँड परतीच्या वाटेवर झपाझप, आनंदी चाली वाजवत निघतो. इथे एकामागून एक मार्च येतात.

[संगीत पूर्ण आवाजात. निवेदन नाही.]