सोळा मात्रांत पाच टाळ्या

श्रोतेहो, नमस्कार. हात मोकळे असतील तर माझ्याबरोबर सोळा मात्रा मोजा. पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी, एवढ्यांवरच टाळी द्यायची. पहिल्या आठांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. जमलं? या तालाला क्यूबात क्लावे म्हणतात. सालसा या नाच-संगीताचा सगळा डोलारा यावर उभा आहे.

क्लावे हे वाद्याचंही नाव. दोन कठीण लाकडी दांडके, एकमेकांवर वाजवायचे. हवानाच्या गोदीत जहाजं बांधायला लागणाऱ्या लाकडी खुंट्यांपासून ते आले, असं तिकडे सांगतात. मला ते पटतं, कारण क्लावेवर नाचल्या जाणाऱ्या रुंबा नाचाचं घर बंदरातच आहे.

उसाच्या मळ्यांत राबवायला आफ्रिकेतून माणसं धरून क्यूबात आणली होती. तिथली गुलामगिरी संपली १८८६ साली. हवाना आणि मातान्सासच्या बंदरांतले हमाल, गरीब चाळींतले लोक एकत्र जमत. ढोल नसले तर माशांची, मेणबत्त्यांची रिकामी खोकी ठोकत. तोच रुंबा.

रुंब्यातला ग्वाग्वांको मला फार आवडतो. पुरुष बाईभोवती घिरट्या घालतो, आणि नेमक्या क्षणी हाताचा, पायाचा किंवा कमरेचा झटका तिच्या दिशेने फेकतो. ती घागऱ्याचा घोळ पुढे ओढून तो अडवते, हसते, पुन्हा त्याला जवळ बोलावते. खेळ त्याने मांडलेला दिसतो, पण लय तिच्या ताब्यात असते. यांबू हा संथ प्रकार, त्यात म्हाताऱ्यांची चाल दाखवतात. तिथे हा झटका नसतो.

सालसा मात्र मुख्यतः ‘सोन’ची लेक. सोन हा क्यूबाच्या पूर्वेकडचा गाण्या-नाचाचा प्रकार. स्पॅनिश तंतुवाद्य आणि आफ्रिकी ताल यांचा संसार. तो हवानाला आला, पुढे न्यूयॉर्कला गेला. तिथे पोर्तोरिकोच्या वादकांनी त्यात आपला जीव ओतला, आणि सत्तरच्या दशकात ‘सालसा’, म्हणजे चटणी, हे नाव सगळीकडे झालं. हवानात जन्मलेली सालसाची गायिका सेलिया क्रूस क्रांतीनंतर देशाबाहेर पडली ती कायमची. गाताना मध्येच ती ‘आसुकार!’ अशी आरोळी देई. आसुकार म्हणजे साखर. ती ऐकली की मला उसाचे ते मळे आठवतात.

आता पुन्हा टाळ्या द्या, फक्त सातवीची टाळी आठवीवर न्या. एका मात्रेचा उशीर, बाकी सगळं तेच. हा रुंब्याचा क्लावे. मातान्सासच्या गल्लीत हाच वाजतो.