पत्र्यावरचं ओलं गोणपाट

मुलांना हवामानबदल काय शिकवायचा, कशातून शिकवायचा आणि त्याला गुण कसे द्यायचे, असे तीन मुद्दे मांडते म्हणून मी आयोजकांना कळवलं होतं. पण आधी एका चित्राबद्दल बोलू द्या.

काही वर्षांपूर्वी आपल्याच शहरातल्या एका चित्रकला स्पर्धेत मी परीक्षक होते. विषय तापमानवाढ. पन्नास-साठ चित्रं आणि बहुतेकांत तीच पृथ्वी! अर्धी हिरवी, अर्धी भेगाळलेली, तोंडात थर्मामीटर, कोपऱ्यात बर्फाच्या तुकड्यावर पांढरं अस्वल. एप्रिलची दुपार. घामानं कागद मनगटाला चिकटतोय, आणि नागपूरची पोरं अस्वल रंगवतायत.

सातवीतल्या एका मुलीनं मात्र टिनाचं छप्पर काढलं होतं. त्यावर गोणपाटं अंथरलेली आणि शिडीवर उभी राहून एक बाई बादलीनं पाणी टाकतेय. मी विचारलं, "हे काय गं बेटा?" म्हणाली, "मॅडम, दुपारी आई असंच करते. घर थंड राहते. नळ नाही आला त् नाही करत."

ते चित्र 'विषयाला सोडून' म्हणून बाजूला गेलं. मी वाद घातला आणि हरले. आजही त्याचा राग येतो. अहो, पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं हे शास्त्र त्यात होतं. तेच आपल्या माठात, कुलरच्या ताटीत, वाळ्याच्या पडद्यात. शिवाय ऊन कोणाच्या घरात किती शिरतं आणि पाणी कोणाला किती मिळतं, हेही होतं. 'नळ नाही आला त्', यापुढे कुठला धडा सांगायचा?

तेव्हापासून मी वर्गात घोषवाक्यं बंद केली. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानाचे रंगीत पट्टे लोकप्रिय केले. एका वर्षाला एक पट्टा, थंड वर्ष निळं, तापलेलं लाल. आम्ही त्याची गोधडी केली. मुलं रोजच्या पेपरातून शहराचं कमाल तापमान उतरवायची आणि त्या रंगाची चिंधी जोडायची. ४० च्या वर केशरी, ४४ च्या वर गडद लाल. चिंध्या घरच्याच, आईच्या जुन्या साडीच्या, बाबांच्या लुंगीच्या. मे महिन्यात लाल कापड संपलं, तेव्हा एक मुलगा मावशीकडून ब्लाउजपीस मागून घेऊन आला. एका गोधडीत दिसतो तो फक्त उन्हाळा, हवामानबदल नाही, हेही मुलांना सांगावं लागतं. त्यासाठी दरवर्षी नवी गोधडी जोडायची आणि जुन्या नोंदींशी ताडायची.

मग तान्हा पोळा आला. इथं कोणाला मारबत-बडग्या समजावून सांगायला नको, वाईटाचे पुतळे मिरवायचे आणि शेवटी जाळायचे. मुलं म्हणाली, उन्हाचा बडग्या करू. बांबू, रद्दी, खळ. पण बडग्याला तोंड कोणाचं द्यायचं? एकानं कोराडीच्या वीज केंद्राची चिमणी सुचवली. लगेच दुसरी म्हणाली, "आपला कुलर त्याच विजेवर चालते न?" वर्ग पाच मिनिटं गप्प. कोळसा, कार्बन डायऑक्साइड, आपण, सगळं त्या एका प्रश्नात आलं. शेवटी बडग्याला तोंड दिलंच नाही, छातीवर आरसा लावला. आणि तो जाळलाही नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. भरभर सांगते. काय शिकवायचं? आधी आपलं शहर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. त्या एका पावसाचं खापर थेट हवामानबदलावर फोडू नका. पण हवा १ अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे तिथूनच शिकवा. भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, ते मुलांना घरोघरी विचारून खडूनं आखू द्या. कशातून? जे हातानं करता येईल आणि मोजता येईल त्यातून. चुना मारलेल्या टिनाखाली एक थर्मामीटर, नुसत्या टिनाखाली दुसरा. गुण? सुबकपणाला देऊ नका. नोंदवही किती दिवस भरली आणि मुलानं प्रश्न कोणता विचारला, त्याला द्या.

गोधडी बाहेर टेबलावर ठेवली आहे. हात लावून बघा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो ब्लाउजपीस सापडेल, त्याला अजून जरीचा काठ आहे.